उजवा खांदा

जळगावच्या एमआयडीसीत, बंद डाळमिलच्या गोदामात
आमची प्रयोगशाळा. भिंती कितीही पुसा,
तुरीची पूड झरतेच कुठून तरी,
आणि बारा कॅमेरे तिला माणसाचा ठिपका समजतात.

बाहेर सेहेचाळीस. आत एसी, तोही कॅमेऱ्यांसाठी.
रुबाब तडवी रावेरहून पहिल्या एसटीनं आलेला,
काळ्या घट्ट पोशाखात अवघडून उभा,
अंगावर त्रेपन्न चकाकते मणी.
हर्षल म्हणाला, हात पसरा, असे, सरळ. आधी माप घ्यावं लागतं.
त्यानं पसरले.
"बुजगावणंच केलं ना भो माझं,
आता पाखरं सोडा."

काम साधं होतं. पुण्याच्या कंपनीला हवी होती
एक चाल : पुरुष, वय चाळीस, निरोगी, ओझं नाही.
तो चालला. वीस पावलं, मधे एक चौकट, पुढं भिंत.

पडद्यावर काड्यांचा माणूस उठला.
मांस नाही, चेहरा नाही,
केळीच्या चिकाचे, कुठल्याच साबणाला न जुमानणारे डाग नाहीत.
नुसती चाल,
आणि ती वाकडी.
उजवा खांदा चार सेंटिमीटर खाली,
मान डावीकडे सरकून कुणाला तरी जागा देणारी,
उजवं पाऊल आखूड, पाटाच्या निसरड्या बांधावर पडावं तसं.
चौकटीतून जाताना तर तो
चक्क आडवा झाला.
चौकट पाच फूट रुंद.

"नॉइज आहे," हर्षल म्हणाला. "फिल्टर मारतो."

हर्षल पारोळ्याचा, हुशार.
त्यांच्याकडं कापूस; केळी डझनानं येतात घरात.
मी सावद्याची. घड कशाला घासला
की संध्याकाळपर्यंत सालीवर काळा ओरखडा उठतो,
आणि तो ओरखडा वाहणाऱ्याच्या मजुरीतून कापला जातो,
एवढं मला लहानपणापासून पाठ आहे.
"राहू दे," मी म्हणाले.

रुबाब पडद्यापाशी आला. बघत राहिला.
वीस पावलं, मग पुन्हा पहिलं,
पुन्हा वीस.
"हा तर भरला चालू रायला. घड कुठी हाय?"
घड नाही, मी म्हणाले. तुमच्याही खांद्यावर नव्हता.
त्यानं खांद्याला हात लावून पाहिला.
"आन गाडी? गाडी किती लांब हाय याची?"

व्हाउचरवर हर्षलनं लिहिलं :
तपशील, चालणे. नग, एक.
अंगठ्याची शाई त्यानं बाजूला सारली
आणि सही केली, शेवटच्या ब वर जरा रेंगाळून.

हिवाळ्यात कंपनीनं नमुना पाठवला.
कुठल्याशा थंड देशातलं शहर, दिव्यांचा चौक,
लांब कोटातले, दाढीवाले, गोरेपान दोनशे जण
उजवा खांदा पाडून बर्फावरून जपून चाललेले.
काचेच्या भल्यामोठ्या दुकानात शिरताना
एकेक जण आडवा होत होता.
मी पूर्ण चौक फिरवून पाहिला.
ट्रक कुठंच नव्हता.

फोन केला तेव्हा मागं कापणी चालली होती,
कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं.
सांगितलं, तुमची चाल परदेशात पोचली.
तो गप्प. मग म्हणाला,
"उतरवला का त्यानं?"

कंपनीनं मागितलं नव्हतं तरी पुन्हा बोलावलं त्याला.
भाडं माझ्या पर्समधून.
पुन्हा मणी, पुन्हा बुजगावणं.
तो चालत मधोमध आला, थांबला,
गुडघे वाकवले, मान हळूच काढून घेतली,
खाली पानं अंथरलीत का ते एकदा बघितलं,
आणि दोन्ही हातांनी, आवाज न करता,
ठेवलं.

हर्षलनं पाय मागं घेतला.